कासवाच्या डोळ्यांतलं पाणी

हे मी नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. एरवी मी पोटात काही ठेवणारी बाई नाही — पण हे एवढं जिभेवर आलं की गिळलं. आज तुम्हाला सांगते. तुम्ही आमच्या सुर्ला गावचे नाही, म्हणून असेल.

आमच्या बाबांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं, एक कासव. खाणीवर ट्रक चालवायचे तेव्हा चाकाखाली येता येता वाचलेलं. जेवणाच्या पिशवीतून घरी आणलं. काय थाट होता त्याचा! संध्याकाळी बाबा सोप्यावर बसायचे, ते मांडीवर, आणि उकळून गार केलेल्या पाण्यात कापूस बुडवून त्याचे डोळे पुसायचे. "आमच्या डोळ्यांक धूळ चुरचुरता, तेच्या नाय काय?" सासूबाई आतून ओरडायच्या, "माझ्या डोळ्यांक कधी लावलात तो कापूस?" बाबा खो खो हसायचे. ते हसणं आठवलं की वाटतं, मी अजून नवी सूनच आहे त्या घरातली. किती चांगले दिवस होते हो ते!

बाबा गेले तेव्हा घरात वीस-पंचवीस माणसं. कासव सगळ्यांच्या पायांत यायचं, आणि तिसऱ्या दिवशी ते बसल्या माणसांच्या मधोमध हगलं. माझा जीव आधीच मेटाकुटीला आलेला. उचललं आणि न्हाणीत नेऊन ठेवलं — चुलीच्या बाजूला, पुढ्यात फळी आडवी लावून. सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी त्याच चुलीवर तापायचं. लाकडं ओली, दिवसभर धूर. मला कळत नव्हतं का? माझेच डोळे झोंबायचे, मी पदर लावून बाहेर पळायची. ते कुठे पळणार?

सहाव्या दिवशी डिचोलीची मावससासू आंघोळीला गेली ती कासव पदरात घेऊनच बाहेर आली. डोळे सुजलेले, खाली पाण्याचे ओघळ. "अगो, ह्या रडता गो! धन्यासाठी रडता!" सगळ्या बायका जमल्या. कुणीतरी मला विचारलं, कधीपासून? आणि मी — न्हाणीत कुणी ठेवलं हा प्रश्न यायच्या आत — मी म्हटलं, बाबा गेले त्या दिवसापासून.

झालं! गावभर झालं. लोक बघायला येऊ लागले, हात जोडू लागले. आणि मग मागच्या दारी कुजबुज सुरू झाली: "कासव रडता, पण बायलेच्या डोळ्यांत थेंब नाय." खरंच नव्हता. दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं सगळं सगळं केलं होतं सासूबाईंनी; आता घर भरलेलं, त्या जेवणाखाणाचं बघत होत्या. त्यांनी ते शब्द ऐकले. मी शेजारीच भाजी चिरत बसले होते. काय गेलं असतं माझं, तेव्हा तोंड उघडलं असतं तर?

बारावं झालं, माणसं पांगली, न्हाणीतली चूल थंडावली. मी रोज डोळे पुसले. आठवड्याभरात पाणी थांबलं, पण उजव्या डोळ्यावर पांढरट पडदा राहिला तो राहिलाच. पेडण्याची नणंद म्हणाली, गुरांच्या डॉक्टरला दाखवूया. मी म्हटलं, कशाला — दुःख आहे ते, निवळेल. डॉक्टरने विचारलं असतं ना, कुठे ठेवलं होतं म्हणून! आता त्या बाजूला खायला फूल ठेवलं तर त्याला दिसत नाही, मान फिरवून हुंगत शोधतं.

सासूबाई त्यानंतर सात वर्षं जगल्या. कासवाला त्यांनी पुन्हा हात लावला नाही. गेल्या वर्षी एका दुपारी मी त्यांची वेणी घालत होते. मध्येच म्हणाल्या, "त्या मुक्या जिवाक कळला गो. माका कसा रडूक येवक नाय? वायट बायल काय गो मी?"

मी म्हटलं, असं बोलू नये आई. आणि पेड घालत राहिले. केस अगदी विरळ झाले होते त्यांचे. पंधरा दिवसांनी त्या गेल्या.

घरात त्या दुपारी आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी वेणीला रबर लावला आणि चहा ठेवायला उठले.