डोहातला पंचनामा

"अरे काढा मले इथून! कोनी हाये का काठावर? हा भोई माहा जीव घेऊन राह्यला!"

डोहाच्या ऐन मधोमध एक डोंगा आणि डोंग्यात दोन माणसं. मागच्या टोकाला एक जाडजूड गडी दोन्ही हातांनी काठ घट्ट धरून बोंबलत होता. त्याच्यासमोर एक हडकुळा माणूस वल्हं वर धरून उभा होता. मी घोड्यावरून उडी टाकली आणि ओरडलो, "ए! वल्हं खाली ठेव! डोंगा काठाला लाव!" माझा आवाज त्या काळी असा होता, की पलीकडच्या काठावर, निजामाच्या हद्दीत चरणाऱ्या म्हशी जागच्या जागी बसल्या. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. त्या म्हशी आता साक्षीला यायच्या नाहीत.

माझ्या नोकरीत मी काय काय पाहिलं नाही? पण म्हातारपणी झोपेतून दचकून उठतो तो दरोडेखोरांमुळे नाही, पैनगंगेच्या त्या डोहामुळे. तो आठवला की मी अजूनही पाय वर ओढून घेतो, बसलेलो कोरड्या खाटेवर असलो तरी.

इंग्रजांचा अंमल होता. अनसिंगच्या भागात मी ठाणेदार होतो. त्या दिवशी सकाळी हजेरी घेऊन रोजनामचा लिहायला बसलो, तोच नदीकाठच्या गावचा कोतवाल धापा टाकत आला. "सायेब, भोयानं मिस्त्रीले बोलावलं हाये. आज डोहातच फैसला करतो म्हने. लोक म्हनतात, मिस्त्री काई वापस येत नाई." एवढी खबर पुरेशी होती. मी जमादाराला घेऊन निघालो, आणि पोचलो तो या आरोळीवर.

या भांडणाचं मूळ तो डोंगाच होता. हडकुळा माणूस भोई, मासे धरून पोट भरणारा. जाडजूड गडी शिरपूरकडचा मिस्त्री. त्याचा हात बैलगाड्यांवर बसलेला, पण भोयाचा डोंगाही त्यानंच केला होता. त्या काठावर एक रीत होती. डोंगा करणाऱ्यानं पहिला पूर्ण पावसाळा त्याची हमी घ्यायची. गळला तर पदरचं सामान घालून दुरुस्त करायचा, आणि दर दुरुस्तीनंतर स्वतः त्यात बसून पलीकडच्या काठाला जाऊन यायचं. कागद नाही, शिक्का नाही. करणाऱ्याचा जीव, तीच हमी.

हा डोंगा पहिल्या आठवड्यापासून गळायला लागला. भोई निरोप धाडायचा. मिस्त्रीचा बैल आजारी असायचा, मग मिस्त्रीच्या साडूकडे लग्न असायचं, मग मिस्त्री स्वतः आजारी पडायचा. निरोपांवर निरोप गेले की एकदाचा यायचा, डोंगा पालथा घालायचा, तळाच्या फटींत कापूस आणि राळ ठोकून भरायचा. मग ठरल्याप्रमाणे डोंग्यात बसून पलीकडे जाऊन यायचा. एक थेंब आत यायचा नाही.

"पाह्य! टिपूस तरी हाये का?" मिस्त्री सगळ्या गावासमोर म्हणायचा. "डोंगा सोन्यासारखा हाये. तुले वल्हवता येत नाई त्याले मी काय करू?"

मिस्त्री गेला, भोयानं जाळं टाकलं, की डोंगा अर्धा भरलाच. पुन्हा निरोप, पुन्हा तोच तमाशा. आता गावात कुजबुज सुरू झाली. डोंगा चांगला आहे, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. मग भोई एकटा असतानाच पाणी कुठून येतं? त्या डोहात आसरांचा वास आहे, असं लोक मानत. पाण्यातल्या त्या सात बाया ज्याच्यावर नजर ठेवतात त्याला नेतातच. लोक भोयाच्या सावलीपासून दूर चालायला लागले. त्याच्या बायकोनं तर त्याच्या कमरेला दोर बांधायला सुरुवात केली. तो डोहात, ती काठावर, दुसरं टोक तिच्या मुठीत. दोर डोहाच्या मध्यापर्यंत पुरत नव्हता. तरी ती धरून बसायची.

त्या दिवशी दोर कमरेला नव्हता. मिस्त्रीनं पुन्हा येऊन डोंगा दुरुस्त केला होता आणि भोई त्याला पलीकडे न्यायला निघाला होता. मधोमध पोचल्यावर त्यानं वल्हं उचललं. पुढं काय घडलं, त्यावरच सगळी केस उभी होती.

दोघांना ठाण्यात आणलं. भोयाला हवालातीत टाकलं आणि मिस्त्रीची फिर्याद घ्यायला बसलो. मिस्त्री भराभरा सांगत होता. भोयानं त्याला फसवून डोहात नेलं, वल्हं डोक्यावर उगारलं, बुडवायला निघाला होता, साहेब आले म्हणून वाचलो. जमादार टाक शाईत बुडवत म्हणाला, "सरळ मामला हाये सायेब. तीनशे सात. खुनाचा प्रयत्न. काठावरचं अर्धं गाव साक्षीदार."

साक्षीदार खरोखरच होते. या कलमाखाली गेलेला गरीब माणूस पुन्हा घरी येतो तेव्हा घर असतंच असं नाही. ठाण्याच्या पायरीवर भोयाची बायको बसली होती, मांडीवर दोराचं वेटोळं. ती रडत नव्हती. दोराची गाठ सोडायची, पुन्हा बांधायची.

मी भोयाला विचारलं, "मारायला निघाला होतास?"

"नाई."

"मग वल्हं काहून उचललं?"

"बस म्हनलं त्याले पुढं. आयकत नव्हता."

मी टेबलावर असा हात आपटला की शाईची दौत उडून थेट जमादाराच्या खिशात पडली. तरीही भोयाचं उत्तर तेच. "पुढं बस म्हनलं."

मी मिस्त्रीकडे वळलो. "तू डोंग्यात कुठं बसला होतास?"

"मागं. नेहमीसारखा."

"नेहमी मागंच बसतोस?"

"वजनदार मानूस सायेब मी. मागं बरा राह्यतो."

"भोई म्हणाला पुढं बस. मग बसायचं. त्यात मरण कुठलं?"

इतका वेळ धबधब्यासारखा बोलणारा मिस्त्री उठला आणि कोपऱ्यातल्या घागरीतून तांब्यावर तांब्या पाणी पिऊ लागला. पोलिसात मी एक गोष्ट पक्की शिकलो होतो. माणूस काय सांगतो ते नंतर ऐकावं, तो कुठं बसायला तयार नाही ते आधी पाहावं. चोरीचा माल घरात पुरलेला माणूस आपल्या घरातसुद्धा त्या जागेवर बूड टेकत नाही.

"जमादार," मी म्हणालो, "पंच बोलवा. डोंग्याचा पंचनामा करू. पाण्यावर."

हे शब्द तोंडातून गेले आणि मग मला आठवलं, की मला पोहता येत नाही. आमच्या गावाला नदी नव्हती. विहीर होती, तिच्यात उतरायचं काम बादलीचं. पण सगळ्या ठाण्यानं ऐकलं होतं. ठाणेदाराचा शब्द, परत कसा घेणार?

डोहावर ऊन होतं, तरी पाणी काळं होतं. काठावर पंच, जमादार आणि सगळा गाव. भोयाची बायको आपला दोर घेऊन पाण्याच्या अगदी कडेला. मी बूट काढले. डोंग्यात भोई वल्ह्याशी मधे, मी त्याच्याजवळ, आणि मिस्त्री? मिस्त्री कोणी सांगायच्या आधीच धावत मागच्या टोकाला जाऊन बसला. डोंग्याचं पुढचं टोक वर उचललं गेलं, नाक वर केलेल्या बैलासारखं.

मधोमध आलो. तळ कोरडा. वल्ह्याचं पाणी निथळायचं तेवढाच आवाज. आजूबाजूला आवाज नसला की माणसाला नाही नाही ते ऐकू येतं. मला डोंग्याच्या खालून कोणीतरी नखानं फळी खरवडतंय असं वाटलं. आजही शपथेवर सांगेन.

"मिस्त्री, पुढं जाऊन बस," मी म्हणालो.

"नाई सायेब."

"हुकूम आहे."

"हवालातीत टाका! बेड्या घाला! मी पुढं नाई बसत!" तो काठ धरून पुन्हा तसाच ओरडायला लागला, सकाळसारखा. "काढा मले इथून!"

या खेपेला कुणी वल्हं उगारलेलं नव्हतं. हे मी मनात टिपून घेतलं. आणि मग मी जे केलं ते शौर्य होतं की अंगावरच्या वर्दीची लाज, ते तुम्ही ठरवा. मी स्वतः रांगत पुढच्या टोकाला जाऊन बसलो. माझं वजन तेव्हा पोसलेल्या सांडाएवढं, त्यात काही उणं नाही. पुढचं टोक खाली गेलं, जसं भोई पुढं उभा राहून जाळं ओढताना जात असणार.

आधी गुडघ्याला गार लागलं. पाहतो तो पुढच्या फळीतून, डांबराच्या थराखालून, करंगळीएवढी धार. मी वाकून बोट लावलं, आणि डांबराची खपलीच्या खपली निघून माझ्या हातात आली. मग जी धार सुटली ती हत्तीच्या सोंडेएवढी होती. बरं, मनगटाएवढी म्हणा.

पाणी घोट्यावर आलं. तळाशी पडलेलं जाळं तरंगून माझ्या पायांभोवती गुंडाळलं गेलं. त्या क्षणी मी ठाणेदार नव्हतो. मला वाटलं, सात जणींनी मिळून माझे पाय धरले. मी ओरडायला गेलो आणि तो म्हशी बसवणारा आवाज घशातच राहिला. काठावरून मात्र कुणीतरी किंचाळलं, "आसरा! आसरा!" आणि गाव मागं पळाला. एकटी भोयाची बायको गुडघाभर पाण्यात आली आणि तिनं दोर फेकला. आमच्या अलीकडे, पुष्कळ अलीकडे पडला तो.

"मिस्त्री!" माझ्या तोंडून कसाबसा चिरका आवाज निघाला. "काय हाये इथं? सांग, नाहीतर तुला घेऊनच मरतो!"

"गाठ हाये!" मिस्त्री रडत होता. "फळीत गाठ हाये सायेब! जुन्या गाडीची फळी होती, गाठ गळून पडली. राळ भरली, वरून डांबर मारलं! मागं या! मागं आले की भोक वर येते!"

म्हणजे त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आपण मागं बसलो की पुढचं टोक पाण्याबाहेर राहतं, भोक कोरडं राहतं, आणि हमी पुरी होते. दर खेपेला तळ ठोकायचा, भोक झाकून ठेवायचं, आणि भोयाला, त्याच्या बायकोला, सगळ्या गावाला आसरांच्या हवाली करायचं.

पण हे सगळं मला नंतर सुचलं. तेव्हा सुचला तो माझा साफा. डोक्यावरचा सरकारी साफा काढला, गोळा केला आणि भोकात कोंबला. भोयानं मला खांद्याला धरून जाळ्यातून ओढून काढलं आणि आम्ही तिघंही मागच्या टोकाला गोळा झालो. मी मिस्त्रीच्या गळ्यात हात घालून बसलो होतो. आरोपी पळू नये म्हणून, असं पंचनाम्यात लिहिलंय. पुढचं टोक वर आलं. भोई वल्हवत होता.

भोयाला त्याच दिवशी सोडलं. मिस्त्रीनं फिर्याद मागं घेतली आणि फसवणुकीबद्दल तंबी खाल्ली. डोंगा गाडीवर घालून ठाण्यात आणवला, आणि समोरच्या लिंबाखाली, शिपायाच्या देखरेखीत, त्यानं पुढची फळी बदलली. ताजं सागवान, एक गाठ नाही, जमादारानं बोटाबोटावर तपासलेलं. ओला साफा मी वाळत घातला, पण त्याचा मासळीचा वास माझ्या बदलीपर्यंत गेला नाही. वरच्या साहेबांनी एकदा नाक मुरडून विचारलं, तेव्हा मी म्हणालो, कर्तव्याचा वास आहे.

या केसनं मला एक शिकवलं. गुन्हेगार हत्यारानं जेवढा भिववत नाही, तेवढा लोकांच्या भीतीच्या आड लपून भिववतो. मिस्त्रीनं भोयाला कधी बोट लावलं नाही. त्यानं फक्त आसरांचं नाव काढणाऱ्या लोकांना बोलू दिलं. तेव्हापासून कुठल्याही गावात भुताची गोष्ट निघाली की मी आधी विचारायचो, भूत आहे असं ठरल्यावर फायदा कुणाचा?

फळी बसली त्या दिवशी मी भोयाच्या बायकोला बोलावलं. ती दोर घेऊनच आली. मी मिशीला पीळ दिला आणि चार माणसांना ऐकू जाईल असं म्हणालो, "आता घाबरू नको बाई. आसरा नाहीत, काही नाही. ठाणेदारानं स्वतः आत बसून पाहिलंय. फळी नवी, डोंगा पक्का. तो दोर आता बैलाला बांध, आणि नवऱ्याला बिनघोर जाऊ दे."

तिनं डोंग्याकडे पाहिलं. मग लिंबाला टेकून घाम पुसत उभ्या असलेल्या मिस्त्रीकडे पाहिलं. दोर सोडला नाही.

"पह्यले त्याले पुढं बसवा," ती म्हणाली.