ग्राउंड रननंतरची सही

माझी शेवटची मोठी पोस्टिंग डोंगराळ सरहद्दीवरच्या एका हेलिकॉप्टर युनिटला होती. मी टेक्निशियन. हेलिकॉप्टर तपासायचं, दुरुस्त करायचं आणि सही करायची. सही म्हणजे हे मशीन उडायला ठीक आहे, जबाबदारी माझी. लोकांना फौजी म्हटलं की बंदूक आठवते. मी उभ्या नोकरीत रायफल कमी आणि पाना जास्त धरला.

सकाळी सहाला रोल कॉल. मग टूल चेक, एकही पाना पेटीबाहेर राहिला नाही ना हे बघायचं. सातच्या सुमारास पहिलं उड्डाण. त्या युनिटमध्ये मला सार्जंट दशरथ गवारी भेटला. तो माझा सीनियर, आंबेगावचा, डिंभे धरणाच्या मागच्या डोंगरातला. मी डिंगोऱ्याचा. पहिल्याच दिवशी म्हणाला, "जुन्नरचा व्हय? म्हंजी पावणंच की." तेव्हापासून सगळं युनिट, पंजाबी आणि मल्याळीसुद्धा, मला 'पावणं' म्हणू लागलं.

एकदा आम्ही हायड्रॉलिकचा पाइप बदलला. पाइप बदलला की ग्राउंड रन घ्यायचा, म्हणजे जमिनीवरच इंजिन चालवायचं, आणि त्यानंतर गळती तपासायची. रनच्या आधी मी जोडणी बघून घेतली होती, कोरडी होती. रन झाला. पायलट साहेबांना घाई होती, ढग खाली येत होते.

"चेक झाला?" साहेबांनी विचारलं.

"रनच्या आधीचा झाला, सर," दशरथ म्हणाला. "नंतरचा बाकी आहे."

"वेदर क्लोज होतंय, सार्जंट."

"येस सर. पंधरा मिनिटं."

पॅनल पुन्हा उघडलं. जोडणीखाली लाल तेलाचा ओघळ होता. साहेबांनी वाकून बघितलं, "कॅरी ऑन" म्हणाले आणि चहाला गेले.

नंतर दशरथने मला बाजूला घेतलं. "आमच्याकडं भाताची दाढ, म्हंजी रोपं, टाकायच्या आधी राब भाजत्यात. पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजून काढायची, मंग बी टाकायचं. कामं दोनच. पर आधी बी टाकलं न् मंग भाजलं, तर काय ऱ्हाईल?"

"राख."

"मंग? कामं तर दोन्ही झाली. सांगशील का घरी, झाली म्हनून?"

पुढच्या वर्षी दशरथ क्रूमध्ये गेला, फ्लाइट इंजिनिअर म्हणून. एका सकाळी सरहद्दीवरच्या एका पोस्टवरून कॉल आला. एक जवान आजारी, ऑक्सिजनवर. त्या मशीनची सर्व्हिसिंग माझी होती. दशरथ माझ्याजवळ आला.

"रननंतर बघितलं?"

"रननंतर."

"चा ठिव. येतोच."

रेडिओवर दोनदा बोलणं झालं. "पेशंट ऑन बोर्ड. रिटर्निंग." मग, "व्हिजिबिलिटी पुअर." त्यानंतर आमचा ऑपरेटर कॉलसाइन पुकारत राहिला. उत्तर आलं नाही. चहा ठेवला होता, तो कोणी प्यायला नाही.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मशीनचे तुकडे आणून मांडले. माझी सही समोर ठेवून मला आडवंतिडवं विचारलं गेलं. शेवटी निष्कर्ष आला: हवामान. मशीनमध्ये दोष नाही. त्या एका वाक्यावर मी आजवर उभा आहे.

रिटायर झाल्यावर मी एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर व्हायचं ठरवलं. मुलांच्या वयाच्या पोरांसोबत परीक्षा दिल्या आणि बेसिक लायसन मिळवलं. पण तेवढ्यावर विमानाला उड्डाणाची सही देता येत नाही. ज्या जातीचं विमान, त्याचं टाइप रेटिंग लागतं. पहिल्या रेटिंगसाठी दोन गोष्टी हव्यात. एक, त्या विमानाचा थिअरी कोर्स. दुसरी ओजेटी, म्हणजे हँगरमध्ये लायसनवाल्या इंजिनिअरच्या हाताखाली प्रत्यक्ष काम.

ज्या कंपनीने मला रेटिंग आल्यावर जागा देऊ केली, तिथल्या ट्रेनिंग मॅनेजरने सांगितलं, "कोर्स नंतर करा. आत्ता हँगरमध्ये विमान आहे, मोठा चेक चालू आहे, हात कमी पडतायत. ओजेटी उरकून घ्या." मला वाटलं, त्याचं कामच हे, त्याला माहीत असणार. मी राबलो. पंखाच्या टाक्यांत आडवा झोपून काम केलं, चाकं उतरवली, चढवली. सगळं खरं काम. मग कोर्स केला, पास झालो, लायसन देणाऱ्या सरकारी खात्याकडे कागद पाठवले. ते परत आले.

नियम साधा आहे. ओजेटीचं निदान निम्मं काम थिअरीनंतरचं असावं लागतं. आधी शिकायचं, मग हात लावायचा, त्यासाठी हा नियम. माझं सगळं काम आधीचं होतं. मॅनेजरला हे ठाऊक होतं. त्याला हात हवे होते, माझे फुकट मिळाले.

मी त्याच्या केबिनमध्ये गेलो. तो हसला. हसला, याचा मला अजून संताप येतो.

"टेन्शन नका घेऊ. निम्म्या कामांच्या तारखा कोर्सनंतरच्या टाकू. इंजिनिअर सह्या करतील."

"त्या तारखांना ते विमान हँगरमध्ये नव्हतं. ते उडत होतं."

"कोण बघतंय?"

"मी बघतोय."

"काम तर तुम्ही केलंय ना? मग खोटं काय त्यात? आणि तुमची जागा मी किती दिवस अडवून ठेवू? या महिन्यात रेटिंग आणा, नाहीतर दुसरा माणूस घेतो." वर म्हणाला, "फौजी डोकं बाजूला ठेवा जरा."

माझा हात त्याच्या टेबलावर आपटला. पेनांचा डबा खाली पडला. मी तो उचलला नाही. "ज्या डोक्याच्या भरवशावर लोक विमानात बसतात ना, ते हेच," म्हणालो आणि बाहेर पडलो. जागा गेली.

डिंगोऱ्याला धाकट्या भावाने मला वेड्यात काढलं. "दादा, समदेच करत्यात राव! काम केलंयस ना तू? तारखंनं काय व्हतंय? लई ताठ ऱ्हाऊन काय मिळालं?" माझ्याकडे उत्तर होतं, पण रागाने तोंड उघडलं असतं तर भांडण झालं असतं. मी मोटारसायकल काढली आणि आंबेगावच्या डोंगरात गेलो.

दशरथची आई राब भाजत होती. काटकी हातात, डोक्याला पदर गुंडाळलेला, वाऱ्याकडे लक्ष. मी तिला मावशी म्हणतो. आग विझेपर्यंत ती तिथून हलली नाही. मग ओसरीवर पाणी दिलं.

"झालं का रं दत्तू, तुझं ते लायसन?"

"नाही, मावशी. परत करावं लागणार. काम आधी झालं, शिक्षण नंतर. ते मोजत नाहीत."

"मंग बराबर हाय की. भाजल्याबिगर पेरलंस तू."

मला तेवढ्यातही हसू आलं. मग मी तिला मॅनेजरचं सगळं सांगितलं. तारखा, सह्या, नसलेलं विमान. सांगता सांगता माझा आवाज चढला. ती ऐकत होती. तिचा चेहरा बदलत गेला, ते माझ्या उशिरा लक्षात आलं.

"म्हंजी," ती म्हणाली, "काम न करता बी सही करत्यात? इमानाची?"

"करतात काही जण."

ती राबाकडे बघत राहिली. जमीन काळी झाली होती, धूर अजून निघत होता. मग इतक्या वर्षांत जे कधी विचारलं नव्हतं, ते तिने विचारलं.

"माझा दशा ज्यात व्हता, त्याची सही कुनी केली व्हती?"

"मी, मावशी."

"ती?"

"खरी होती. रननंतर पॅनल उघडून बघितलं होतं. दशरथने स्वतः विचारलं होतं मला."

तिने माझ्या तोंडाकडे नीट बघितलं. मग मान डोलावली आणि भाकरी टाकायला आत गेली.

मी आता दुसऱ्या हँगरमध्ये पुन्हा पहिल्यापासून ओजेटी करतो आहे. जागेची हमी नाही. माझ्या कामावर सही करणारा इंजिनिअर माझ्याहून बराच लहान आहे, पण काम बघितल्याशिवाय पेन काढत नाही. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. तो मॅनेजर अजून त्याच खुर्चीत आहे. माझी जागा गेली, वर्षं वाया गेली, ते मी एक वेळ सोडून देईन. पण त्याच्यासारख्यांमुळे दशरथच्या आईला तो प्रश्न विचारावा लागला. ते सोडणार नाही.

सार्जंट दशरथ गवारी पेशंटला घेऊन परत येत होता. त्याचं मशीन ठीक होतं. खाली सही माझी आहे.