शेवटचा बदल कोणी वाचला?

माझे दाजी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत कारकून होते. घरी आले की चहा घ्यायचे आणि कॉम्प्युटरपुढे ठाण मांडायचे. मी सोफे दुरुस्त करतो, काम केलं की पैसे मागतो. त्यामुळे हा शहाणासुरता माणूस वर्षानुवर्षं फुकटचा कुटाणा का करतोय, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरत नसे.

कुटाणा असा होता. त्यांच्या आईला एकदा दवाखान्यातून गोळ्या मिळाल्या आणि पाकिटावरचं अक्षर कुणालाच लागलं नाही. बिचारीनं अंदाजानं गोळ्या घेतल्या आणि मरता मरता वाचली. तेव्हा दाजींनी एक प्रोग्रॅम लिहिला. औषध आणि डोस भरला की पाकिटावर लावायची स्वच्छ चिठ्ठी छापून देणारा. तो त्यांनी सगळ्यांसाठी खुला ठेवला. कुणीही न्यावा, आत काय लिहिलंय ते बघावं, बदल सुचला तर दाजींकडे पाठवावा. दाजी तो वाचणार आणि पटला तर मूळ प्रोग्रॅममध्ये घेणार. कितीतरी लहान दवाखाने त्यावर चालू लागले.

अशी खुली कामं करणाऱ्यांचा दरवर्षी मेळावा भरतो, वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. ताईनं मला चहाच्या कामाला जुंपलं होतं म्हणून मीही जायचो. पायात येणाऱ्या वायरी, एकाच बोर्डात खुपसलेले दहा चार्जर आणि खुर्च्या तर अशा की बसणाऱ्याचं कुणी वाईट चिंतलंय असं वाटावं. पण दाजींचा तिथे दरारा होता. कुणी आपलं काम दाखवायला उभं राहिलं की मागच्या रांगेतून त्यांचा प्रश्न ठरलेला: "शेवटचा बदल कोणी वाचला?"

स्वतः केलेला बदल दुसऱ्यानं वाचल्याशिवाय आत घ्यायचा नाही, हा नियम त्यांनीच घालून दिला होता. "आपली चूक आपल्याला दिसत असती तर एकट्यानंच बसलो असतो की घरी," असं म्हणायचे.

एका दवाखान्यात औषधं देणारी एक मुलगी तिथे यायची. आता तिचीही मुलं शाळेत जातात, पण आम्ही तिला मुलगीच म्हणतो. तिनं पाठवलेला पहिला बदल पार फसलेला होता. दाजींनी उत्तर लिहिलं होतं, "आपलं स्वागत आहे. बदल पूर्ण वाचला. हा घेता येणार नाही, का ते खाली लिहिलं आहे. पण पुढचा जरूर पाठवा, मी वाट बघतो." ते उत्तर तिनं औषधांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवलं होतं. पुढे दाजींचे बदल तीच वाचू लागली.

मग दाजी विसरायला लागले. जेवताना एकच बातमी ताईला तीनदा सांगायचे. ताई तिन्ही वेळा "हो का?" म्हणायची. बाहेर कुणाला कळू दिलं नाही तिनं. दाजी बदल वाचायला पाठवेनासे झाले, आपले आपणच आत घेऊ लागले. आणि एकदा, आधीच केलेली दुरुस्ती विसरून त्यांनी ती पुन्हा केली. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळीच्या चिठ्ठीवर 'दिवसातून चारदा' असं छापून आलं. त्या मुलीनं पाकीट हातात देता देता थांबवलं, म्हणून निभावलं.

तिनं रातोरात सगळ्या दवाखान्यांना कळवलं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन रडली.

"मामा, मला सगळाच्या सगळा प्रोग्रॅम उचलून वेगळा चालवता येईल. तशी मुभाच आहे. दवाखाने माझ्याकडे येतील. पण ते समोर बसलेले असताना असं करायचं म्हणजे..."

"मेळावा होऊ दे," मी म्हटलं. "त्यांनी स्वतः नाही दिलं तर घे."

मेळाव्याला ताई दाजींच्या शेजारी बसली. दाजी बोलायला उभे राहिले, पहिलं वाक्य बोलले, थांबले आणि तेच वाक्य पुन्हा बोलले. मी चहाचा ट्रे खाली ठेवला.

ती मुलगी मागच्या रांगेत उभी राहिली.

"शेवटचा बदल कोणी वाचला?"

दाजींनी तिच्याकडे पाहिलं, मग ताईकडे. ताईनं या वेळी सावरून घेतलं नाही.

"कोणीच नाही," दाजी म्हणाले. मग स्वतःलाच विचारल्यासारखं म्हणाले, "मग तो आत कसा गेला?"

दाजी खाली बसले आणि म्हणाले, "हिच्या हाती द्या. माझ्याकडे नको आता." तिथेच बसल्या बसल्या प्रोग्रॅमचे सगळे हक्क तिच्या नावावर झाले. घरी जाताना रिक्षात ताई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली, आणि मीही काही कोरडा राहिलो नाही.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मला आजकाल ते कधी ओळखतात, कधी नाही. त्या दिवशी स्वारी खुशीत होती.

"अरे, हा एक प्रोग्रॅम सापडलाय मला. औषधांच्या चिठ्ठ्यांचा. ज्यानं कुणी केलाय, मनापासून केलाय. थोडी चूक होती, म्हणून मी बदल पाठवला. मी नवीन आहे, चुकलं तर सांगा, असंही लिहिलं."

ताई उठून स्वयंपाकघरात गेली. दाजींनी पडद्यावरचं उत्तर मला वाचून दाखवलं.

"आपलं स्वागत आहे. बदल पूर्ण वाचला. हा घेता येणार नाही, का ते खाली लिहिलं आहे. पण पुढचा जरूर पाठवा, मी वाट बघते."

"बघ," दाजी म्हणाले, "नवख्या माणसाशीसुद्धा किती नीट बोलतात ही माणसं!"

"हो दाजी," मी कसाबसा म्हणालो.

"चल, सरक जरा. दुसरा लिहायला घेतो. त्या बाई वाट बघतायत."