दीड वीत

माझे धाकटे दीर आयुष्यभर फुटबॉलच्या मैदानावर राबले, पण चेंडूला त्यांनी कधी पाय लावला नाही. गवत वाढवणाऱ्याने गवत तुडवायचं का, असं विचारायचे. लग्न केलं नाही. आमच्याच घरी खालच्या खोलीत राहत आणि जेवायला वर येत. जिन्याच्या तोंडाशी बूट असे आपटत की ह्यांच्या हातातलं वर्तमानपत्र हलायचं. "आला माळी," हे म्हणायचे. हे गेल्यावरही बूट तसेच आपटत राहिले. म्हणणारं कुणी उरलं नाही, एवढंच.

भाऊजींचा क्लब लहान. लाकडी बाकांच्या थोड्या रांगा आणि एक पत्र्याची खोली. तिच्यात रोलर, चुन्याची गाडी आणि भाऊजींची मोडकी खुर्ची. मोठी आंतरराष्ट्रीय स्पर्धा आपल्या देशात भरणार आणि आपल्या संघाचं शिबिर ह्याच मैदानावर होणार, हे कळलं त्या दिवशी ते बूट न आपटता वर आले आणि मला म्हणाले, वहिनी, आधी बसा.

यजमान म्हणून आपल्याला पात्रतेचे सामने न खेळताच जागा मिळाली होती, आणि हे कुणी कुणाला विसरू देत नव्हतं. कोपऱ्यावरचा न्हावी म्हणायचा की अंगण आपलं म्हणून खेळायला घेतलंय, नाहीतर फाटकाबाहेर उभे असतो. प्रशिक्षकांच्या कानावर हे जातच होतं. चालू खेळात आपण मोठ्या संघांना हरवणार नाही, हे त्यांनी मनाशी धरलं होतं. बाद फेरी गाठायची, तिथे बरोबरी चिकाटीने धरून ठेवायची आणि सामना पेनल्टींवर न्यायचा, असा त्यांचा बेत. म्हणून रोज सराव संपताना पेनल्टीच.

शिबिरासाठी नवं गवत अंथरलं आणि सगळ्या रेषा पुन्हा आखायच्या ठरल्या. क्लबची मोजायची टेप मोठ्या स्टेडियमवाल्यांनी मागून नेली होती, ती परत आली नव्हती. मी तेव्हा लेकीकडे होते. भाऊजींनी कपाट उघडलं आणि ह्यांची जुनी टेप काढून नेली. हे जमीनमोजणीच्या खात्यात होते; दादाची टेप म्हटल्यावर भाऊजींच्या मनात शंका कुठून येणार? त्यांनी गोलरेषेपासून माप घेतलं आणि पेनल्टीचा ठिपका चुन्याने गोल, सुबक काढला. दोन्ही टोकांना अगदी सारखा.

खेळाडूंचे नेम असे बसू लागले की वर्तमानपत्रांनी फोटो छापले. भाऊजी ते फोटो कापून ठेवत. खेळाडूंपेक्षा त्यांना ठिपका जास्त दिसायचा.

शिबिरात चार गोलरक्षक होते, त्यातले तीन राहणार होते. चौथा कोण हे लवकरच दिसू लागलं. त्याला सगळे लांब्या म्हणत. दारातून वाकून आत येणारा, हसरा, बोलण्यात संथ. सराव संपला की तो पत्र्याच्या खोलीत रोलरवर बसून भाऊजींच्या थर्मासमधला चहा प्यायचा. बाकीचे तिघे पेनल्टीला अंदाजाने आधीच एका बाजूला झेपावत. लांब्याची रीत वेगळी होती. तो शेवटपर्यंत थांबायचा, चेंडू निघाला की मगच उडी घ्यायचा. त्याच गुणावर त्याला शिबिरात बोलावलं होतं. आणि इथे एकही चेंडू त्याच्या हाती लागेना.

एकदा त्याने भाऊजींना विचारलं, "काका, चेंडू इथे जरा लवकर येतो का हो?"

भाऊजींना ते नव्या गवताला नाव ठेवल्यासारखं वाटलं. ते म्हणाले, "चेंडू वेळेवरच येतो. तुझे पाय जड झालेत. चहा कमी पी."

खोलीत आणखी दोन खेळाडू होते. ते हसले. मग ते शिबिरभर झालं. लांब्या उभा राहिला की कुणीतरी ओरडायचं, चहा कमी पी. भाऊजींनी मला हे जेवताना सांगितलं तेव्हा मीही हसले होते.

लांब्याला घरी पाठवलं. तो निरोप घ्यायला पत्र्याच्या खोलीत आला, भाऊजींच्या पाया पडायला वाकला आणि म्हणाला की खरंच जड झाले असतील पाय. भाऊजींनी त्याची पाठ थोपटली आणि धावण्याचा सराव वाढव म्हणून सल्लाही दिला.

त्यानंतर काही दिवसांनी, रविवारी दुपारी, भाऊजी ती टेप पुसायला वर घेऊन आले. मी ओल्या फडक्याने पुसता पुसता सहज विचारलं, "मोजताना दीड वीत वाढवून घेत होतात ना?"

"कसली दीड वीत?" ते म्हणाले. टेपचा पहिला तुकडा कधीच झिजून फाटला होता. खात्याने टेप बाद केली तेव्हा ह्यांनी तो दीड वितीचा तुकडा कापून टाकला, टोकाची कडी उरलेल्या टेपला बसवली आणि घरात पडद्यांच्या, वाफ्यांच्या मापाला ठेवून दिली. वापरताना हे नेहमी दीड वीत पुढे जात. घरात हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींचा जन्म मैदानावर गेला, त्यांनी पडदे कधी मोजले?

त्यांनी कडी बोटात धरली, पहिला दिसणारा आकडा वाचला आणि टेप मांडीवर ठेवली. मग म्हणाले, "पोरगं खरं बोलत होतं, वहिनी."

संघाची नावं दुसऱ्या दिवशी पाठवायची होती. म्हणजे लांब्याला परत घेता आलं असतं. भाऊजी उठले, पण जिन्यात थांबले. हातचं मैदान जाईल, लोक हसतील, हे त्यांना दिसत होतं. मी चपला घातल्या आणि त्यांच्याबरोबर निघाले.

प्रशिक्षकांनी नवी टेप मागवली, स्वतः मोजलं आणि खऱ्या जागी बुटाची टाच रोवली. पांढरा ठिपका तिच्यापुढे, गोलच्या बाजूला, दिसत होता. ते गवतावरच बसले.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"वहिनींना."

मला त्यांनी वाकून नमस्कार केला, आणि मला तो नकोसा झाला. ते हळू आवाजात समजावू लागले की फुकट जागा मिळाली म्हणून लोक आधीच टोमणे मारतात. त्यात आपल्याला मैदानही मोजता येत नाही हे बाहेर गेलं तर तोंड दाखवायची सोय राहणार नाही. ठिपका सकाळी गुपचूप सरकवा. लांब्याला परत बोलावलं तर का बोलावलं हे सांगावं लागेल, म्हणून ते नाही.

भाऊजींनी विचारलं, "त्याला पेनल्टीमुळेच काढलं का, साहेब?"

प्रशिक्षक गवत उपटत राहिले. "बाकी तो तिघांपेक्षा चांगलाच होता," ते म्हणाले.

भाऊजी हो म्हणाले. मीही गप्प बसले. घरी येताना आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

ठिपका सरकला आणि खेळाडूंचे नेम बिघडले. एक जण पत्र्याच्या खोलीत येऊन पोटऱ्या चोळत भाऊजींना म्हणाला की काका, आता माझे पाय जड झाले बघा. भाऊजींनी त्याला चहा दिला. शिबिर संपताना छोटा समारंभ झाला. उत्तम मैदान राखल्याबद्दल त्यांच्या अंगावर संघाचं चिन्ह असलेला कोट चढवला, उद्घाटनाच्या सामन्याचा पास दिला. टाळ्या वाजल्या. घरी येऊन त्यांनी तो कोट उलटा करून कपाटात टांगला, चिन्ह दिसू नये असा.

दुसऱ्या दिवशी ते बसने लांब्याच्या घरी गेले. परत आल्यावर बूट काढत जिन्यातच बसले आणि मला सगळं सांगितलं. लांब्याची आई शेजाऱ्यांचे कपडे इस्त्री करत होती. तिने खुर्ची दिली. लांब्याने मान खाली घालून ऐकून घेतलं. हसला नाही, चिडला नाही. फक्त म्हणाला, "तेव्हा विचारलं होतं, काका. एकदा मोजून बघायचं होतंत." आईने इस्त्री खाली ठेवली आणि भाऊजींना जायला सांगितलं, नीट, अहो-जाहो करत.

उद्घाटनाच्या दिवशी पास टेबलावर तसाच पडला होता. भाऊजी मैदानावर निघाले, मीही गेले. चिटपाखरू नव्हतं. आसपासच्या घरांतून सामन्याचा आवाज येत होता. एकदा मोठा गलका झाला, आपला गोल झाला असावा. भाऊजींनी मान वर केली नाही.

"कडी गोलरेषेवर धरा, वहिनी. हलू देऊ नका."

नवी टेप ओढत ते ठिपक्यापर्यंत गेले, वाकून आकडा वाचला आणि परत आले. माप बरोबर होतं. मी कडी सोडायला लागले, तर म्हणाले, राहू द्या, आणखी एकदा.