उरलेल्याची बालदी

चालायला मला कधीच आवडलं नाही. आजही आवडत नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं की ही बाई पहाटे उठून उत्साहाने डोंगर चढणाऱ्यांपैकी आहे. मी पहाटे उठते ती पाणी भरायला, आणि उठल्यापासून मला बसायला जागा हवी असते.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला त्या सुमारास मी डिचोलीतल्या एका कचेरीत कारकून होते. नवरा खाणीवर ट्रक चालवायचा, दोन मुलं शाळेत जायची, आणि आम्ही चौघं दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात दुसऱ्या मजल्यावर राहायचो. कोंकणी नुकतीच राजभाषा झाली होती. कचेरीत चहाच्या सुट्टीत कोंकणी की मराठी यावरून रोज तावातावाने भांडणं व्हायची. मी घरी कोंकणी बोलायची, पत्रं मराठीत लिहायची आणि सरकारी टिपणं इंग्रजीत. त्यामुळे मला दोन्ही बाजूंचे लोक माझं मत विचारायचे. मी भजी खात बसायची. तोंड भरलेलं असलं की मत द्यावं लागत नाही.

वजन वाढत होतं ते मला दिसत नव्हतं असं नाही. ब्लाउजच्या शिवणी उसवून झाल्या, मग उसवायला कापड उरलं नाही. गुडघे दुखायला लागले म्हणून डॉक्टरकडे गेले, तर त्यांनी मला काट्यावर उभं केलं, चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाले, वजन कमी करा. कसं, ते काही सांगितलं नाही. पुढचा पेशंट आत आलासुद्धा.

कचेरीतल्या एका मैत्रिणीने कुठूनसा एक कागद आणून दिला. त्यावर सात दिवसांचं जेवण लिहिलेलं होतं, आणि त्यातले चार दिवस उकडलेली कोबी. घरच्यांसाठी माशाचं हुमण करायचं, भात घालायचा, दारावर पाव विकणाऱ्या पोदेराकडचे गरम पाव पिशवीतून काढायचे, आणि आपण कोबी चावत बसायचं. त्या चार दिवसांत मुलांवर जेवढी ओरडले तेवढी वर्षभरात ओरडले नसेन. पाचव्या दिवशी जवळच्या देवळाची जत्रा होती. मी पुडाभर गुळाचं खाजं उभ्या उभ्या संपवलं. नवरा बघत होता. म्हणाला, "चार दीस कोबी, पांचव्या दिसा खाजें." मी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाही. कागद चुलीत घातला असता, पण आमच्याकडे तेव्हा गॅस आला होता, म्हणून नुसता चुरगळून टाकला.

हे सगळं चाललं होतं तसंच चालू राहिलं असतं. पण माझी आई इब्रामपूरला राहायची.

माहेरचं घर टेकाडावर, आई तिथे भाऊ-वहिनीबरोबर. बस खाली ओढ्याकाठी सोडते, तिथून चिरे बसवून केलेल्या सत्तरेक पायऱ्या. पायऱ्यांच्या मध्यावर डाव्या हाताला एक मोठा चिरा आहे, लोक डोक्यावरचा भारा त्यावर टेकवून दम खातात. दर रविवारी दोन बसगाड्या बदलून मी आईला भेटायला जायची. वडील गेल्यापासून तिने माझ्याकडून एवढंच मागितलं होतं. एरवी ती काही मागणारी बाई नव्हे.

त्या रविवारी ऊन होतं. मी त्या चिऱ्यापर्यंत पोचले आणि पुढे जाता येईना. छातीत भाता चालल्यासारखं व्हायला लागलं. मी बसले. वर अंगणात आई दिसत होती, आणि तिलाही मी दिसत होते.

"बाय, थंयच बस. हांवच देंवतां," असं ती वरून म्हणाली आणि एका हातात पाण्याचा तांब्या घेऊन पायऱ्या उतरायला लागली. पासष्टी उलटलेली बाई. भिंत नाही, कठडा नाही, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकत ती उतरत होती, आणि मी, तिची चाळिशीतली मुलगी, तिची वाट बघत बसले होते. मला इतकी लाज वाटली की तिने तांब्या पुढे केला तेव्हा मी तिच्याकडे बघू शकले नाही.

तिथेच बसून बोललो आम्ही. तिने मला काय खातेस, किती खातेस असलं काही विचारलं नाही. तिने विचारलं, जेवणं झाल्यावर उरलेल्याचं काय करतेस. मी म्हटलं, उरत नाही काही. मुलं पाव अर्धा चहात बुडवून टाकतात, यांच्या ताटात भात राहतो, टोपात तळाशी चार घास असतात, ते मी भांडी घासायच्या आधी संपवते. टाकवत नाही.

आईने तांब्या चिऱ्यावर ठेवला. मग म्हणाली, "तुगेर कोंब्यो नांत न्हय?"

"दुसऱ्या मजल्यार कोंब्यो खंय दवरूं?"

"मागीर तूंच कोंबी जालें गो."

मला राग आला. खरंच आला. पण परतीच्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी आठवत बसले, तर माहेरी कुणी उरलेलं खाल्लेलं मला आठवेना. आई ताटं उचलायची आणि थेट मागीलदारी. कोंबड्या धावत यायच्या. अन्न वाया गेलं असं कुणाच्या मनातही यायचं नाही, कारण ते वाया जातच नव्हतं. मी लग्न करून डिचोलीला आले, अन्न टाकायचं नाही हे बरोबर आणलं आणि कोंबड्या तिकडेच राहिल्या. माझं स्वतःचं जेवण माझ्या ताटात असायचंच. वर हे दुसरं जेवण, उभ्याने, ओट्यापाशी, रोज दोन वेळा. वीस वर्षं मी ते जेवणात धरलंच नव्हतं.

आमच्या वाड्याच्या, म्हणजे वस्तीच्या, टोकाला, चढ चढून गेल्यावर, एक म्हातारी कोंबड्या पाळायची. मी एक लहान हिरवी बालदी घेतली. ताटातलं, टोपातलं, चहात भिजलेला पाव, सगळं त्यात. संध्याकाळी कचेरीतून आलं की चहा घ्यायचा आणि बालदी घेऊन चढ चढायचा. पहिल्या आठवड्यात मी तीनदा थांबायची. खनिजाचे ट्रक जायचे, तांबडी धूळ नाकातोंडात जायची. शेजारणी विचारायच्या, कचेरीतली बाई बालदी घेऊन कुठे निघाली. घरी परतेपर्यंत अंगात त्राण उरत नसे, आणि मग स्वयंपाक असायचाच. कितीदा मनात आलं की आज राहू दे.

एक दिवस राहू दिलंही. दुसऱ्या दिवशी म्हातारी कमरेवर हात ठेवून उभी. "काल खंय आशिल्लें? कोंब्यो वाट पळयताल्यो." डॉक्टरला मी टाळू शकत होते, त्या कागदाला टाळलं, आरशालाही टाळत होते. या म्हातारीला टाळणं जमलं नाही. तिचं तोंड फार तिखट होतं.

हळूहळू मी भात एक मूठ कमी लावायला लागले. मुलांना ताटात आधी कमी वाढून मग पुन्हा विचारायला लागले. मी स्वतः सगळ्यांबरोबर खाली बसून जेवायला लागले, कारण नंतर ओट्यापाशी काही मिळणार नाही हे पोटाला कळलं होतं. पाव खात होते, मासे खात होते, चवथीला करंज्यांसारख्या नेवऱ्या खाल्ल्या. पावसाळा सरेपर्यंत बालदीत टाकायला फारसं काही उरेना. तरी मी काकडीच्या साली, नारळाचा चोथा, भाजीची देठं असलं काहीतरी गोळा करून निघायची. म्हातारी बालदीत डोकावून बघायची आणि नाक मुरडायची. सवय लागली, असं लोक म्हणतात तेव्हा त्यांना काहीतरी गोड म्हणायचं असतं. मला ती लागली म्हणजे तिने मला सोडलं नाही, एवढंच. काट्यावर मी पुन्हा उभी राहिले नाही. ब्लाउज मात्र आत घेतले.

त्या रविवारपासून दर रविवारी आई त्या चिऱ्यापाशी येतच होती. मी बसमधून उतरले की ती वरून निघायची. चिऱ्यावर बसून आम्ही बोलायचो, ती पाणी द्यायची, कधी पानात बांधून काहीतरी खायला आणायची, मग मी खाली आणि ती वर.

दिवाळीच्या सुमारास माझ्या लक्षात आलं की चिऱ्यापाशी पोचल्यावर मला दम लागलेला नसतो. उरलेल्या पायऱ्या मी चढू शकले असते. पण आई तिथे आलेलीच असायची. आठवडाभर सगळ्यांचं करून मी थकलेली असायची, आणि आपल्यासाठी कुणीतरी पाणी घेऊन खाली येतंय, हे मला बरं वाटायचं. घरात दुसरं कुणी मला पाण्याचा पेला हातात देत नव्हतं. म्हणून मी बसायची. थोडी खोटी धापसुद्धा टाकायची.

असे दोन-तीन महिने गेले. मग एका रविवारी मी उतरले, वर बघितलं, तर अंगण रिकामं. चिऱ्यापाशी पोचले, आई नाही. हाक मारली, ओ नाही. पुढच्या पायऱ्या मी कशा चढले ते मला आठवत नाही. न थांबता चढले एवढं नक्की.

आई पडवीत कदेलीवर बसली होती. खुर्चीला ती कायम कदेल म्हणायची. गुडघा नारळाएवढा सुजलेला, त्यावर निरगुडीचा पाला बांधलेला. वहिनी चुलीकडून बाहेर आली आणि हळू आवाजात म्हणाली, हे आजचं नाही. दर रविवारी तुम्हाला भेटून वर आल्या की पुढचे दोन दिवस त्यांना उठता येत नाही. तुम्हाला सांगायचं नाही असं मला बजावलं होतं.

आई माझ्याकडे बघत होती. माझ्या श्वासाकडे बघत होती.

"चडून आयलें?"

"हय."

"मदीं बसूंक ना?"

"ना."

तिने पाठ टेकली. इतके महिने धरून ठेवलेलं काहीतरी तिने सोडलं असं मला वाटलं. "बरें जालें गो बाय," ती म्हणाली. "आतां म्हाका देंवपाची गरज ना."

मी तिच्या गुडघ्याचा पाला सोडला, वहिनीने गरम करून दिलेला नवा बांधला. कधीपासून चढता येत होतं, ते तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. ती असेपर्यंत दर रविवारी मी पहिल्या बसने जायची आणि पाण्याचा तांब्या खालच्या ओढ्यावर भरून वर न्यायची. घरामागेच विहीर होती. वहिनी म्हणायची, कशाला उगाच. आई काही म्हणायची नाही, तांब्या घ्यायची आणि थोडं पाणी प्यायची.