आत्याबाईचं ध्यान कसं गेलं

माझी सासू मला आवडत नव्हती, हे आधीच सांगते. तिला मी आत्याबाई म्हणायची, ती मला नुसतं ‘ए’ म्हणायची. परभणीजवळच्या झरी गावाच्या पुढं आमचं शेत. त्यात कापसाचं हायब्रीड बियाणं तयार करायचा प्लॉट होता आणि त्या प्लॉटवर पंधरा-वीस बायांच्या पुढं आत्याबाई.

काम असं असायचं. दुपारनंतर उद्या उमलणारी कळी धरायची, अंगठ्याच्या नखानं तिच्यातला नर, म्हणजे परागाचा भाग, सोलून काढायचा, मधली काडी दुखवायची नाही, आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरा बघत जायचं आणि त्या कळीवर दुसऱ्या वाणाचं फूल फिरवायचं. नर तसाच राहिला तर बियाणं भेसळलं, आणि तपासणीला आलेल्या साहेबाला ते दिसलं तर अख्खा प्लॉट बाद. आत्याबाईची साठी उलटली होती, तरी तिच्या हातून एक कळी सुटत नसे. चष्मा नाही, काही नाही. त्या ओळीत ती उभी राहिली की गावातल्या पाटलिणीसुद्धा तिच्याशी दबून बोलायच्या. तिच्याजवळ मानाचं असं तेवढंच होतं.

तिनं एक रीत पाडली होती. जिच्या ओळीत सुटलेल्या कळ्या सापडतील, तिच्या पदरात त्या टाकायच्या आणि तिनं तसंच गावातून चालत घरी जायचं. लग्नानंतरच्या पहिल्याच हंगामात माझ्या ओळीत सात सापडल्या. मला तेव्हा सातवा महिना होता. “मॅट्रिकपर्यंत शिकली म्हणं. बापानं इतकं बी न्हाई शिकवलं,” असं म्हणून तिनं कळ्या माझ्या पदरात टाकल्या. पारावरची माणसं हसली. मी घरी येऊन भाकरी थापल्या आणि मनाशी म्हणाले, थांब म्हातारे, चार दिवस सासूचे तर चार दिवस सुनेचे.

ते चार दिवस यायला दहा वर्षं लागली. मधल्या काळात मी तिच्या शेजारची ओळ धरली आणि तिच्याकडं बघत राहिले. तिच्या कामात खोट नव्हती, पण काम करताना ती बोलत नसे, आणि कोणी बोललेलं तिला खपत नसे. पूर्वी ती ओव्या म्हणत सोलायची. ते कधी बंद झालं ते कोणाच्या ध्यानात आलं नव्हतं, माझ्या आलं. एके दिवशी एका कळीला दोरा बांधून तिनं पुढची धरली, तेवढ्यात मी विचारलं, “आत्याबाई, डाळ किती भिजू घालू?” तिनं “दोन मूठ” म्हणलं आणि त्या कळीला नख न लावताच दोरा बांधला.

मग काय! रोज विचारायला लागले. म्हैस कधी गाभण राहिली, नणंदेचं पत्र आलं का, मीठ हाय का न्हाई. फक्त त्या एका क्षणाला. आठ दिवसांनी सगळ्या बायांसमोर मी तिच्या ओळीतून दोरा बांधलेल्या, न सोललेल्या कळ्या काढल्या आणि तिच्या पदरात टाकल्या. “साठी बुद्धी नाठी,” एक बाई बोलली. आत्याबाई पदर धरून गावातून गेली. मला लय बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

तरी ती हटली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा ओळीत हजर. म्हणाली, “चूक झाली, पण डोकं ठीक हाय माझं.”

त्याच हिवाळ्यात ती बैलगाडीवरून पडली, डोक्याला मार बसला. परभणीच्या डॉक्टरनं हैदराबादला डोक्याचा फोटो काढायला सांगितलं. नवऱ्याला रब्बीची पेरणी होती, म्हणून मी घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरनं तिला बाहेर बाकावर बसवलं आणि मला उजेडाच्या काचेवर फोटो दाखवला. रक्त कुठं साकळलेलं नव्हतं. वय झालं की मेंदू थोडा आकसतो, कवटीत जागा सुटते, ध्यान सांभाळणारा पुढचा भाग जरा आधी झिजतो, असं तो हिंदीतून समजावत होता. पण यांचा मेंदू वयाच्या मानानं उत्तम आहे, म्हणाला. एका वेळी एकच काम द्या, मधे बोलू नका, अजून दहा वर्षं हात चालेल.

मी बाहेर आले. आत्याबाईनं विचारलं, “काय म्हणला?”

“मेंदू आकसलाय,” मी म्हणाले. “शेंगेत वाळलेला दाणा खुळखुळतो तसा झालाय.”

बाकीचं सांगितलं नाही. घरी नवऱ्यालाही तेवढंच सांगितलं. कागद इंग्रजीत होता, तो वाचणारं घरात दुसरं कोण होतं?

त्यानंतर ती प्लॉटवर आली नाही. अंगठ्याचं नख तिनं विळीवर घासून काढलं. ओसरीत बसून मधूनच मान हलवायची आणि कान देऊन ऐकायची. मी एकदा विचारलं, काय करायलात? म्हणाली, “दाणा वाजतो का बघायले.” चुलीवर दूध ठेवलं की दहा वेळा मलाच विचारायची, मी ठेवलं का गं? आधी तिनं विचारलं की मला हसू यायचं. नंतर नंतर राग यायला लागला, आणि तो मी तिच्यावरच काढायची. प्लॉटवरच्या बाया आता माझ्याशी दबून बोलत होत्या.

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं त्या साली तिच्या मोतीबिंदूसाठी परभणीला गेलो. नवऱ्यानं जुने सगळे कागद बरोबर घेतले होते. डोळ्यांच्या डॉक्टरनं तो हैदराबादचा कागद वाचला आणि मराठीतून मोठ्यानं सांगितलं, की मेंदूला काही झालेलं नाही, वयाच्या मानानं छान आहे. नवरा कागदाकडंच बघत राहिला. आत्याबाईनं तोंड माझ्याकडं केलं.

“तुला ठावं व्हतं?”

“व्हतं,” मी म्हणाले. खोटं बोलायला तोंडच उघडेना.

शिव्या दिल्या असत्या तर मला सोसलं असतं. डोळा बरा होईपर्यंत तिनं नख वाढवलं आणि भादव्यात एका दुपारी लाल दोऱ्याची गुंडाळी घेऊन ओळीत उभी राहिली. मी सगळ्या बायांना ताकीद दिली, कोणी चकार शब्द काढायचा नाही. अख्खी दुपार कोणीच बोललं नाही. ती कळी धरायची, तिच्याकडं बघायची, मान हलवून कान द्यायची, दोरा बांधायची, पुढं सरकायची.

दिवस मावळताना मी तिच्या मागून ओळ तपासत गेले. टोकाला ती बांधावर बसली होती.

“किती सुटल्या?” तिनं विचारलं.

मला एक तरी सोललेली सापडावी म्हणून मी पुन्हा मागं जाऊन आले होते.

“समद्या,” मी म्हणाले.

“बरं,” ती म्हणाली, आणि उठून घराकडं चालायला लागली. तिच्याबरोबर जावं असं लय वाटलं, पण कोणत्या तोंडानं जाणार होते?