भाऊंचा गरम झालेला उजवा हात

भुताखेतांच्या गप्पा मारणाऱ्यांची मी कायम टर उडवत आलोय. वरणगावला कारखान्यात इलेक्ट्रिशियन होतो. जे मीटरवर दिसत नाही ते नाही, असा आपला सरळ हिशोब. तरीही हे लिहितोय...

१९९२-९३ चा हिवाळा. माझे थोरले भाऊ रावेरला केळी लावायचे. वहिनी जाऊन वर्ष झालेलं. तेव्हापासून संध्याकाळ झाली की भाऊंच्या पापण्या मिटायच्या, आवाज नाकात जायचा. गावाने परस्पर ठरवून टाकलं — दारू लागली. पण घास घशात अडकायला लागला, तेव्हा माझी पाचावर धारण बसली.

केळीच्या ट्रकमधून कुडकुडत जळगाव गाठलं. एका खासगी दवाखान्यात नसांची तपासणी व्हायची. मनगटावर विजेचे हलके झटके, आणि पडद्यावर स्नायूची लाट. आजार असेल तर लाट झटक्यागणिक लहान होत जाते, असं डॉक्टर म्हणाले. भाऊंच्या सगळ्या लाटा सारख्या!

"नॉर्मल आहे. बायको गेल्याचा धक्का असेल. मानसोपचारतज्ज्ञाला दाखवा."

डॉक्टर बाहेर निघाले, मी विनवण्या करत मागोमाग. खोलीत भाऊ एकटेच. आम्ही परतलो. तारा काढायला डॉक्टरांनी भाऊंचा उजवा हात उचलला आणि थबकले.

"हात शेकला का यांचा?"

मी हात लावून पाहिला. चुलीपुढून उठल्यासारखा गरम... तोही मनगटापर्यंतच. डावा तसाच गारठलेला. खोलीत ना शेगडी, ना गरम पाणी.

"झटक्यांनी होतो का असा?" मी विचारलं.

"छे. पण चूक माझीच. गार हातात हा दोष लपतो, आधी हात गरम करायला हवा होता." त्यांनी पुन्हा झटके दिले. या वेळी लाट पायरीपायरीने उतरत गेली. मायस्थेनिया, म्हणजे वापरागणिक स्नायू थकत जाण्याचा आजार! गोळ्या सुरू झाल्या आणि भाऊ वाचले.

पण त्या दिवशी जिन्यात मी न राहवून विचारलं, "भाऊ, खोलीत कोन आलं व्हतं?"

"तुही वयनी," भाऊ सहज म्हणाले. "रातचं केळीले पानी भरून आलो का चुलीपुढून उठून माहा हात धरे ना ती... तसाच धरला."

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. एवढंच सांगतो — तो जिना उतरताना भाऊंचा तोल जात होता, त्यांना आधार हवा होता. मी डाव्या बाजूने धरलं. उजवीकडे जायची माझी हिंमत झाली नाही.